कोळशाखालचा एक सेंटिमीटर : रॅटन खोऱ्याचा प्रकरण अभ्यास

कोळशाचा कोअर, म्हणजे जमिनीत भोक पाडून काढलेली खडकाची दांडी, नोंदवणाऱ्या माणसाची नजर काळ्यावर असते. पेटीत मांडलेली दगडाची दांडी ओल्या फडक्यानं पुसायची, काळं कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं ते टेपनं मोजायचं, आणि मध्ये मातीची फिकट पट्टी आली तर ‘क्ले बँड, १ सेंमी’ असं लिहून पुढे सरकायचं. खाणवाल्यांच्या दृष्टीनं ती पट्टी म्हणजे कोळशातली राख वाढवणारी कटकट. मी स्वतः अशा पट्ट्या किती लिहिल्या असतील याची मोजदाद नाही. म्हणूनच रॅटन खोऱ्याचं प्रकरण मला इतकं जवळचं वाटतं. तिथे अशाच एका पट्टीनं क्रिटेशस कल्पाचा, म्हणजे डायनोसॉरांच्या अखेरच्या कालखंडाचा, शेवट कसा झाला या वादाला निर्णायक वळण दिलं, आणि ती पट्टी शाबूत राहिली ती कोळशाच्या दलदलीमुळे.

रॅटन खोरं अमेरिकेत आहे, कोलोरॅडोचं दक्षिण टोक आणि न्यू मेक्सिकोचा ईशान्य कोपरा यांच्या सीमेवर. पश्चिमेला सांग्रे दे क्रिस्तो पर्वत आणि त्याच्या पायथ्याशी हा लांबट सखल पट्टा. इथला कोळसा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मोठ्या प्रमाणावर काढला गेला. त्याची किंमतही माणसांनी मोजली : १९१३ च्या ऑक्टोबरमध्ये डॉसनच्या खाणीत झालेल्या स्फोटात २६३ कामगार गेले, आणि १९२३ मध्ये त्याच गावच्या दुसऱ्या खाणीत १२३. या खोऱ्यातले थर इतक्या बारकाईनं नकाशावर आले, इतक्या ठिकाणी भोकं पाडली गेली, ती कोळशासाठी. पुढचं सगळं संशोधन त्या कामाच्या खांद्यावर उभं आहे.

थरांची चढण खालून वर वाचत गेलं की एका समुद्राच्या माघारीची गोष्ट उलगडते. सगळ्यात खाली पिअर शेल, काळसर करडा आणि ठिसूळ. हा समुद्रतळावरचा बारीक गाळ. क्रिटेशसच्या उत्तरार्धात उत्तर अमेरिकेच्या मधोमध, आर्क्टिकपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत, एक उथळ समुद्र पसरला होता. त्याचाच हा तळ. शेलवर ट्रिनिडाड वालुकाश्म बसतो. ही किनाऱ्याची वाळू. खेकड्या-झिंग्यांसारख्या प्राण्यांनी केलेली, गोळ्यागोळ्यांच्या अस्तराची बिळं त्यात जागोजाग दिसतात. वाळूच्या वर वर्मेहो शैलसमूह : किनाऱ्यामागच्या दलदली, त्यातला कोळसा, मधूनमधून पंकाश्म, म्हणजे चिखलाचा झालेला खडक. आणि त्याच्यावर रॅटन शैलसमूह, जो पूर्णपणे जमिनीवरचा. नद्या, पूरमैदानं आणि पुन्हा दलदली. पश्चिमेला डोंगर उचलला जात होता, त्यातून येणारा गाळ समुद्राला पूर्वेकडे रेटत होता, आणि खोऱ्याचा तळ खचत असल्यामुळे नवा गाळ मावायला जागा मिळत होती. कोळसा साचायला हा तोल लागतो. तळ फार वेगानं खचला तर दलदल बुडते आणि चिखल येतो. खचणं थांबलं तर वनस्पतींचा थर उघडा पडून कुजतो किंवा नदी तो वाहून नेते. खचणं आणि वनस्पतींची वाढ बराच काळ बरोबरीनं चालली तरच पीट, म्हणजे पुढे ज्याचा कोळसा होतो तो अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, जाड होतं.

रॅटन शैलसमूहाचे कोळसेवाले तीन ढोबळ भाग करतात. तळाशी पिंडाश्म, म्हणजे गोट्यांचा खडक, आणि त्यावर कोळसा असलेला खालचा पट्टा. मध्ये वालुकाश्मांनी भरलेला, कोळशाच्या दृष्टीनं जवळपास कोरडा भाग. वर पुन्हा कोळशाचा पट्टा. ही विभागणी लक्षात ठेवावी, पुढे ती लागणार आहे.

आता मूळ प्रश्न. या चढणीत क्रिटेशस कुठे संपतो?

विलिस ली आणि एफ. एच. नोल्टन यांनी १९१७ मध्ये या प्रदेशावरचा मोठा अहवाल प्रसिद्ध केला. लींनी थर पाहिले, नोल्टननी पानांचे जीवाश्म. त्यांनी सीमा ठेवली रॅटनच्या तळाशी, पिंडाश्मापाशी. त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. गोट्यांचा खडक म्हणजे उलथापालथ, डोंगर नव्यानं उचलला गेल्याची खूण, खालच्या थरांची झीज. डोळ्यांना दिसणारा सगळ्यात मोठा बदल तिथेच होता. युगाची सीमा खडकाच्या सीमेवर असणार असं कुणालाही वाटेल. पण पुढे परागकणांच्या अभ्यासानं दाखवलं की क्रिटेशसच्या वनस्पती त्या पिंडाश्माच्या वरही कितीतरी मीटर चालू राहतात. खरी सीमा खालच्या कोळसापट्ट्याच्या माथ्याजवळ निघाली. तिथे खडक बदलत नाही. पंकाश्म, कोळसा, पंकाश्म, पातळ वालुकाश्म असं एकसुरी चाललेलं असतं आणि त्याच एकसुरीपणात कुठेतरी ती रेघ असते.

परागकण कसे पाहतात हेही सांगायला हवं, कारण या प्रकरणाचा अर्धा पुरावा त्यांचा आहे. मूठभर खडक फोडून हायड्रोफ्लोरिक आम्लात टाकतात. सिलिकेट खनिजं विरघळतात. परागकणांचं कवच मात्र असं चिवट की आम्लही त्याला फारसं काही करू शकत नाही. उरलेला गाळ काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण मोजायचा : हा सपुष्प वनस्पतीचा, हा सूचिपर्णीचा, हा नेच्याचा बीजाणू. शेकडो कण, मग पुढचा नमुना. सीमा जवळ आली की नमुने मीटर-मीटरवर घेऊन भागत नाही, सेंटिमीटर-सेंटिमीटरवर घ्यावे लागतात. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या रॉबर्ट चुडी यांनी रॅटनमध्ये हे काम केलं. प्रोटिॲसिडाइट्स या गटातले तिकोनी परागकण आणि त्यांच्या जोडीचे काही प्रकार एका पातळीपर्यंत नेमानं दिसतात आणि तिथून वर नाहीसे होतात.

इथपर्यंत हे स्थानिक भूविज्ञान होतं. १९८० मध्ये परिस्थिती बदलली. लुई आणि वॉल्टर अल्वारेझ हे पितापुत्र, फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांनी इटलीतल्या गुब्बियो इथल्या, क्रिटेशसच्या शेवटच्या सीमेवरच्या मातीत इरिडियम या धातूचं प्रमाण आजूबाजूच्या तुलनेत सुमारे ३० पट, डेन्मार्कमधल्या स्टेव्हन्स क्लिंट इथे १६० पट आणि न्यूझीलंडमध्ये २० पट असल्याचं दाखवलं. पृथ्वीच्या कवचात इरिडियम फार दुर्मीळ असतं. बहुतेक लोखंडाबरोबर गाभ्यात गेलं. उल्कांमध्ये ते त्या मानानं भरपूर असतं. त्यांनी सुमारे १० किलोमीटर व्यासाचा लघुग्रह आदळल्याचा तर्क मांडला.

यावरची एक हरकत अगदी रास्त होती. ही तिन्ही ठिकाणं सागरी. समुद्रात रासायनिक कारणांनी धातू एखाद्या थरात गोळा होऊ शकतात. गाळ साचण्याचा वेग मंदावला तर आकाशातून एरवीही सतत पडणारी सूक्ष्म उल्काधूळ थोड्या जाडीत दाटते. मग हा सगळा समुद्राचाच खेळ नाही कशावरून? याला उत्तर द्यायचं तर त्याच क्षणाचा, पण गोड्या पाण्यात साचलेला गाळ हवा होता. तोही सलग, म्हणजे नेमके तेच थर नदीनं वाहून नेलेले नसलेला. आणि त्यात सीमा कुठे आहे हे इरिडियम न पाहता, वेगळ्या पुराव्यानं ठरवता यायला हवं होतं.

रॅटनमध्ये हे तिन्ही होतं. लॉस अलामॉस प्रयोगशाळेतले ऑर्थ, गिलमोर, नाइट आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले चार्ल्स पिलमोर व चुडी यांच्या चमूनं न्यू मेक्सिकोतल्या यॉर्क कॅन्यन इथल्या कोअरमधले नमुने तपासले. पद्धत न्यूट्रॉनांच्या माऱ्याची. खडकाचा चिमूटभर चुरा अणुभट्टीत ठेवतात. त्यातलं इरिडियम-१९१ एक न्यूट्रॉन गिळून इरिडियम-१९२ होतं. ते किरणोत्सारी, अर्धायुकाल ७४ दिवसांचा, आणि विशिष्ट ऊर्जेचे गॅमा किरण सोडतं. किरण मोजले की मूळ इरिडियम किती ते निघतं. या रीतीनं फार थोडं द्रव्यही पकडता येतं, आणि इथे ते लागणार होतं. खालच्या-वरच्या खडकांत इरिडियम होतं एक लाख कोटी भागांत ४ ते २० भाग. एका ठिकाणी ते ५००० भागांपर्यंत गेलं. वजनाच्या भाषेत सांगायचं तर एक टन खडकात ५ मिलिग्रॅम. ऐकायला काहीच नाही, पण भोवतालच्या तुलनेत किमान २५० पट.

आणि जागा? कोळशाच्या एका पातळ थराचा तळ. क्रिटेशसचे परागकण जिथे संपतात, नेमकी तीच पातळी. चुडींचा सूक्ष्मदर्शक आणि लॉस अलामॉसची अणुभट्टी यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. दोघांनी वेगवेगळ्या वाटेनं येऊन एकाच सेंटिमीटरवर बोट ठेवलं. हे निष्कर्ष १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. जमिनीवरच्या खडकांत सीमेवरचं इरिडियम सापडण्याची ही पहिलीच वेळ.

कोळशाशी ज्यांचा रोजचा संबंध आहे त्यांच्या मनात इथे लगेच दोन शंका येतात, आणि मला त्या पुन्हा पुन्हा उगाळाव्याशा वाटतात, कारण प्रकरणाचं खरं बळ त्यांच्या उत्तरांत आहे.

पहिली शंका अशी की कोळसाच धातू शोषतो. पीटमधली सेंद्रिय आम्लं पाण्यातून झिरपणारे धातू धरून ठेवतात. कोळशात जर्मेनियम आणि युरेनियम साठल्याची उदाहरणं जगभर आहेत. मग इरिडियमही तसंच का नसेल? पण तसं असतं तर रॅटनमधल्या इतर कोळशांच्या तळाशीही ते थोडंफार दाटलेलं दिसायला हवं होतं. या खोऱ्यात कोळशाचे थर कितीतरी आहेत आणि इरिडियमचं शिखर एकाच पातळीवर आहे, तीही परागकण बदलतात तीच. पुढे खोऱ्यात इतर अनेक ठिकाणी, उघड्या कड्यांतसुद्धा, तीच पट्टी सापडली आणि तिच्यासोबत इरिडियमही.

दुसरी शंका जास्त गंभीर. कोळशात मातीच्या पातळ, दूरवर पसरलेल्या, केओलिनाइट या चिकणमातीच्या खनिजाच्या पट्ट्या असतातच. त्यांना टॉन्स्टाइन म्हणतात. ज्वालामुखीची राख दलदलीत पडते, तिथलं आम्लधर्मी पाणी राखेतली काच आणि फेल्डस्पार हे खनिज खाऊन टाकतं, आणि मागे केओलिनाइट उरतं. रॅटनच्या कोळशातही टॉन्स्टाइन आहेत. सीमेवरची पट्टीही केओलिनाइटचीच. दिसायला सख्खी भावंडं. मी कोअर नोंदवत असतो तर वेगळी काढली नसती, हे मला कबूल करावंच लागेल.

फरक बारकाईनं पाहिल्यावर कळतो. सीमेवरची पट्टी खरं तर दोन थरांची आहे. खालचा थर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा, फिकट करडा, कधी तपकिरी झाक असलेला, घट्ट, फारशी घडण न दिसणारा, मध्ये वनस्पतींचे तुकडे अडकलेला. त्याच्यावर सुमारे ५ मिलिमीटरचा दुसरा थर, पापुद्र्यापापुद्र्यांचा. त्यावर लगेच कोळसा. वरचा थर सुरीनं अलगद सोडवून त्यातली माती धुऊन काढली की तळाशी थोडी वाळू उरते. तिच्यातला क्वार्ट्झचा एखादा कण सूक्ष्मदर्शकाखाली घ्यावा. कणातून एकमेकींना समांतर, अतिशय सरळ, दाट रेघांचा एक संच जातो, त्याला विशिष्ट कोनात छेदणारा दुसरा संच, कधी तिसराही. या रेघा स्फटिकाची जाळी क्षणार्धात प्रचंड दाबाखाली चिरडल्याच्या आहेत. अशा रेघा आधी उल्काविवरांत आणि अणुचाचणीच्या जागांवर पाहिलेल्या होत्या. सीमेच्या मातीत त्या प्रथम ओळखल्या गेल्या १९८४ मध्ये, माँटानातल्या नमुन्यांत, ब्रूस बोहोर आणि सहकाऱ्यांकडून. रॅटनच्या पट्टीतही त्या मिळाल्या आणि ग्लेन आयझेट यांनी त्यांचा तपशीलवार अभ्यास १९९० मध्ये मांडला. टॉन्स्टाइनमध्ये असतो तो ज्वालामुखीचा क्वार्ट्झ, स्वच्छ आणि बिनरेघांचा. इरिडियम रसायनानं हलू शकतं, पण क्वार्ट्झच्या जाळीत छेदणाऱ्या रेघा कुठलंही झिरपतं पाणी उमटवू शकत नाही. माझ्या मते प्रकरणाचा निकाल इथे लागला.

कणांच्या आकारानंही काही सांगितलं. रॅटनमधले कण अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचे, युरोपातले त्याहून बरेच बारीक. म्हणजे आघाताची जागा उत्तर अमेरिकेच्या जवळ. १९९१ मध्ये मेक्सिकोच्या युकाटानमधलं चिक्शुलूबचं सुमारे १८० किलोमीटर व्यासाचं गाडलेलं विवर या घटनेशी जोडलं गेलं, तेव्हा कोळशाखालच्या त्या वाळूनं दाखवलेली दिशा बरोबर ठरली. दोन थरांचा उलगडाही मग सोपा झाला : खाली विवरातून उसळून लवकर येऊन पडलेला वितळलेला माल, जो दलदलीच्या पाण्यात केओलिनाइट झाला, वर उंच आकाशात गेलेली, सावकाश उतरलेली धूळ, इरिडियम आणि रेघांचं क्वार्ट्झ घेऊन. प्रतिस्पर्धी स्पष्टीकरण होतं आपल्या दख्खनच्या लाव्ह्याचं. ते उद्रेक त्याच काळातले आहेत, आणि सजीवांच्या ऱ्हासात त्यांचा वाटा किती यावर आजही काम चालू आहे. पण रॅटनची पट्टी त्या उद्रेकांची नाही.

आता दलदलीकडे वळतो, कारण तिचं श्रेय नेहमी मागे पडतं. एक सेंटिमीटरचा थर जमिनीवर टिकणं किती अवघड आहे! पूरमैदानावर पडला असता तर पुढच्या पावसात वाहून गेला असता. उथळ समुद्रात किंवा तळ्यात पडला असता तर तळाचे किडे आणि शिंपले यांनी उकरून त्याची सरमिसळ केली असती. पीटच्या दलदलीत पाणी जवळपास स्थिर, प्राणवायू कमी, पाणी आम्लधर्मी, उकरणारे प्राणी थोडे. माल पडला आणि जिथे पडला तिथेच राहिला. वर पुन्हा वनस्पती साचू लागल्या आणि झाकण बसलं. खोऱ्यात ज्या ज्या जागी त्या काळी नदीचं पात्र होतं तिथे पट्टी मिळत नाही. तिथे वालुकाश्म सरळ खालच्या थरात खोचलेला दिसतो आणि नोंदीचं ते पान कायमचं गेलेलं असतं. म्हणून रॅटनमध्ये सीमा शोधायची तर आधी कोळसा शोधायचा.

कोळसा घड्याळाचंही काम करतो, अगदी ढोबळ का होईना. उष्ण, ओल्या दलदलीत पीट वर्षाला साधारण मिलिमीटरभर चढतं असं धरलं आणि दगडी कोळसा होताना ते दहाव्या हिश्श्यापर्यंत दबतं असं मानलं, तर १० सेंटिमीटर कोळसा म्हणजे १ मीटर पीट, म्हणजे हजारेक वर्षं. पट्टीच्या लगेच वरचे काही सेंटिमीटर म्हणजे घटनेनंतरची शतकं. ती एकेक करून वाचता येतात, आणि चुडींनी ती वाचली. पट्टीखाली सपुष्प वनस्पतींच्या परागकणांचं राज्य. पट्टीच्या ठीक वर ते कोसळतात आणि काचपट्टीवर जवळजवळ सगळे नेच्यांचे बीजाणू. काही सेंटिमीटर वर गेल्यावर सपुष्प हळूहळू परततात, पण जुन्यांतले काही प्रकार कधीच परतत नाहीत. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये माँटानातही हाच क्रम दाखवला, रॅटनपासून शेकडो किलोमीटर उत्तरेला. एका दलदलीचं पाणी आटलं किंवा वाढलं म्हणून झाडं बदलली, या शंकेला त्यामुळे जागा उरली नाही.

नेचेच का, याचं उत्तर अलीकडच्या इतिहासात आहे. १८८३ मध्ये क्राकाटोआचा स्फोट झाला, बेटावरचं जंगल राखेखाली गेलं. तीन वर्षांनी वनस्पतिशास्त्रज्ञ मेल्खिओर ट्रॉइब तिथे गेले तेव्हा त्यांना उघड्या राखेवर सगळ्यात जास्त नेचे दिसले. बीजाणू हलके, वाऱ्यावर दूरवर जातात, रुजायला कीटक किंवा पक्षी लागत नाहीत. ६.६ कोटी वर्षांपूर्वी रॅटनच्या दलदलीवर हेच झालं असावं. उभी झाडं गेलेली, ओली करडी माती, आणि तिच्यावर दूरवर नुसते नेचे. तो हिरवा गालिचा आज हातात घेता येतो : पट्टीला चिकटलेला कोळशाचा पहिला चकाकता तुकडा म्हणजे बराचसा तोच.

या खोऱ्यात डायनोसॉरची हाडं फार मिळत नाहीत. आम्लधर्मी पाण्यात हाडं टिकत नाहीत, ते दलदलीचं दुसरं तोंड. पाऊलखुणा मात्र आहेत. १९८३ मध्ये पिलमोर यांनाच न्यू मेक्सिकोतल्या फिलमाँट इथे रॅटन शैलसमूहात ८० सेंटिमीटरहून लांब, तीन बोटांचा एक ठसा दिसला. टिरॅनोसॉरसचा मानला जाणारा हा ठसा १९९४ मध्ये टिरॅनोसॉरिपस पिलमोरी या नावानं नोंदला गेला. तो पट्टीच्या खालच्या थरांत आहे.

पट्टीच्या वर रॅटन शैलसमूह थांबत नाही. कोळशाच्या दृष्टीनं कोरड्या अशा मधल्या भागात नद्या माजतात, वालुकाश्मांचे जाड थर येतात, कोळसा तुटक होतो. मग खोरं पुन्हा खचतं, नद्या शांत होतात, आणि वरचा कोळसापट्टा सुरू होतो, खालच्यापेक्षा जाड आणि सलग. यॉर्क कॅन्यनच्या खाणीत काढला गेला तो कोळसा या वरच्या पट्ट्यातला. तो क्रिटेशसनंतरच्या पॅलिओसीन काळाचा आहे, नेच्यांनंतर जी झाडं पुन्हा उभी राहिली त्यांचा.